लाजाळू कोळंबीचं जाळं

गोराईच्या कोळीवाड्यात महादूच्या थापांना भरती-ओहोटीचं बंधन नव्हतं. त्या केव्हाही यायच्या. एकदा म्हणे त्याच्या होडीला इतका दांडगा घोळ मासा आडवा आला, की त्याला वळसा घालून घरी पोचेपर्यंत पाळण्यातल्या मुलाला, निमेशला, मिसरूड फुटलं होतं. एकदा वादळात एका देवमाशाने डोकं वर काढून विचारलं, "दादा, वर्सोव्याला जायला कुठून वळू?" आणि महादूने तोंडातली विडी विझू न देता डावीकडे बोट दाखवलं. लोक ऐकायचे, मांडीवर थाप मारून हसायचे आणि घरी जाऊन तीच गोष्ट स्वतःच्या नावावर खपवायचे. महादूची पंचाहत्तरी झाली, तोंडातला शेवटचा दातही समुद्राला जाऊन मिळाला, तरी जिभेला गंज नव्हता.

असा हा माणूस एका खऱ्या वाक्याला घाबरला. वाक्य एवढंच होतं: माझी नात बेली डान्स करते.

नात म्हणजे निमेशची मुलगी अबोली. बोरिवलीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि कॉलेज सुटलं की तिथेच माधुरी मॅडमच्या क्लासला जायची. एप्रिलमध्ये क्लासचा कार्यक्रम ठरला, मोठ्या हॉलमध्ये, तिकीट लावून. निमेश तसा सरळ माणूस, पण "नाही" म्हणायची वेळ आली की तो बोट घेऊन समुद्रात जायचा. या वेळी जाता जाता म्हणाला, "आज्याला विचार. त्याने ड्रेस पास केला तर नाच."

त्याला वाटलं, म्हातारा आपणच नाही म्हणेल. म्हाताऱ्याने आजवर अबोलीला एकदाही नाही म्हटलेलं नाही, हे तो विसरला.

संध्याकाळी अबोली ओट्यावर महादूच्या शेजारी येऊन बसली आणि मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला.

"आजा, बाही निवड."

"कसली बाही?"

"माझ्या ड्रेसची. बाकी सगळं ठरलंय, चोळी, घागरा, कमरेचा पट्टा. मॅडम म्हणतात, ह्या नाचात पोट गातं आणि हात त्याला ताल देतात. म्हणून बाही ज्याची त्याने निवडायची. आणि पप्पा म्हणतात, तू निवडायची."

महादूने मोबाईलकडे पाहिलं आणि ताबडतोब समुद्राकडे पाहिलं. त्या एका नजरेत त्याला बाही दिसलीच नव्हती. जे दिसलं होतं ते सगळं चोळी आणि घागऱ्याच्या मधलं होतं. चष्मा आत कोनाड्यात होता. तो आणायला उठावं, असं त्याला अजिबात वाटलं नाही.

"ही पहिली. हिला बाही नाहीच. दंडावर नुसती पट्टी आणि तिला लोंबणारं झिरझिरीत कापड."

"थंडी वाजेल," महादू समुद्राला म्हणाला.

"एप्रिलमध्ये? बरं, ही दुसरी. फुग्याची. खांद्यावरून खाली घसरलेली."

"घसरलीय तर वर ओढ ना, बाय."

"ती तशीच असते रे! तिसरी कोपरापासून मनगटापर्यंत. वर काही नाही."

"म्हणजे जिथे बाही संपते तिथून ती सुरू होते? शिंपी उलटा टांगला होता काय?"

"चौथी घंटेसारखी. वर तंग, मनगटाशी ही एवढी रुंद. हात वर नेला की सगळी घसरून खांद्यावर येते."

"झाकायला म्हणून घालायची आणि ऐन वेळी उघडं पाडायची. आमच्या निमेशसारखी आहे." महादूने घसा खाकरला. "सगळ्यात लांब कुठली?"

"पाचवी. खांद्यापासून बोटांपर्यंत."

"ती."

"बघ तरी!"

"बघितली. तीच. झालं."

अबोली उड्या मारत आत गेली आणि महादूने निःश्वास सोडला. खांद्यापासून बोटांपर्यंत घराण्याची अब्रू झाकली गेली होती. एवढी लांब बाही शिवायची म्हणजे कापड जाड असणार, असं त्याने गृहीतच धरलं. दुसऱ्या दिवशी अबोलीने तोच फोटो पुन्हा दाखवला तेव्हा चष्मा नाकावर होता. बाही सगळीच्या सगळी जाळीची होती. तिच्यातून फोटोतल्या परदेशी बाईच्या कोपरावरचा तीळ स्पष्ट दिसत होता.

पण शब्द गेला होता. कोळ्याने एकदा टाकलेला नांगर आणि एकदा दिलेला शब्द, दोन्ही उपसायला माणसं लागतात. आणि या कामाला बोलवावीत अशी माणसं महादूला कुठून मिळणार?

पुढच्या आठवड्यात अबोली बोरिवलीच्या बाजारातून जाळीचा तुकडा घेऊन आली. "ही टोचते," म्हणाली, "आणि आत्ताच उसवतेय. दुकानदाराकडे हीच आहे." महादूने तो तुकडा दोन बोटांत धरून नुसता ताणला, तर टर्रकन आवाज झाला. त्याबरोबर महादूची लाज बाजूला पडली आणि तिच्या जागी कोळी जागा झाला.

"ह्याला जाळं म्हणतात? ह्यातून बोंबील गाणी म्हणत बाहेर जाईल! असली चिंधी माझ्या नातीच्या हातावर? दोरा आण. सोनेरी आण. मी विणतो."

अबोलीने भर ओट्यावर त्याला मिठी मारली. नेमकी तेव्हाच सुंदराबाई मासळीची रिकामी पाटी डोक्यावर घेऊन समोरून चालली होती. सुंदराबाई महादूच्या बरोबरीची. लहानपणी दोघांनी एकाच होडीखाली लपून कैऱ्या खाल्लेल्या.

"काय रे म्हाद्या? कसला लाड चाललाय?"

"काही नाही गो. पोरगी पास झाली."

परीक्षा अजून व्हायच्या होत्या. अबोलीची मिठी थोडी सैल झाली.

महादूने जन्मभर जाळी विणली ती ओट्यावर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या आणि थापा वाटत. हे जाळं मात्र त्याने घराच्या मागे नेलं. तिथे बोंबील वाळत घातलेल्या वलांडी, म्हणजे बांबूंना ताणून बांधलेल्या दोऱ्या, होत्या. जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने लटकणारे ते बोंबील वाऱ्याने हलायचे, आणि महादूला वाटायचं, सगळे आपल्यालाच हसतायत. पायरीवर पाऊल वाजलं की तो जाळं मांडीखाली सारायचा. ज्या बोटांनी आख्ख्या गावाच्या होड्यांची जाळी विणली, ती बोटं एका बाहीसाठी चोरासारखी चालत होती.

तरी वीण सुरेख उतरली. पहिली बाही पुरी झाली तेव्हा त्याने अबोलीला मागच्या दारी बोलावलं. तिने हात आत घातला आणि तसाच ठेवला.

"आजा, माझी बोटं कुठे गेली?"

महादू वाकून बघतो तर काय. आता त्याचंही सगळं चुकलं होतं असं नाही. त्याने जन्मभर डोल विणली होती. डोल म्हणजे तरी काय, पाण्यात उभी केलेली अजस्र बाहीच. तोंड रुंद, पुढे निमुळती होत गेलेली, आणि शेवटी शेपटीला गाठ. पाणी मासळीला तोंडातून आत लोटतं आणि शेपटीत कोंडतं. महादूच्या बोटांनी इमानदारीत तेच केलं होतं. बाही खांद्याशी घागरीसारखी रुंद होती आणि बोटांशी गाठ मारून पक्की बंद.

"शेपूट बांधलीस तू!"

"मग? उघडी ठेवली तर आतलं सगळं जाईल ना."

"मी काय बोंबील आहे?"

तिला इतकं हसू आलं, की ती पायरीवरच बसली. महादूही बोळक्या तोंडाने हसला. घटकाभर तो हेही विसरला, की आपण घराच्या मागे का बसलोय. गाठ सोडता सोडता तो म्हणाला, "बरं झालं, आजच कळलं. नाहीतर नाच संपल्यावर तुला सोलून काढावं लागलं असतं."

तेवढ्यात घराला वळसा घालून हाक आली, "महादूकाका, आहात का?"

चंद्रप्रकाश. मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी. गावातल्या प्रत्येक टोपावरचं झाकण उचलून बघितल्याशिवाय ह्याला घास उतरत नसे.

महादूने काही विचार केला नाही. खांद्यावरचा पंचा ओढला आणि अबोलीच्या हातावर टाकला, पाटीतली उतरलेली मासळी गिऱ्हाइकापासून झाकतात तसा. अबोलीने पंच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. हळूच हात बाहीतून सोडवला आणि आत निघून गेली. बाही पंच्याखाली राहिली, पण तिचं एक टोक बाहेर चमकत होतं.

"काका, हे काय सोन्याचं जाळं?"

बाही. दोन अक्षरं. महादूच्या बोळक्यात अडवायला दातसुद्धा नव्हते. पण बाहेर पडलं ते भलतंच.

"मानखुर्दच्या खाडीत नवी कोळंबी आलीये," तो म्हणाला.

"कुठली?"

"सोनेरी. पण लाजाळू. नायलॉनचं जाळं बघितलं की पाठ फिरवते. तिला नवरीसारखं नटलेलं जाळं लागतं."

चंद्रप्रकाश उकिडवा बसला. "आणि शेपूट उघडी का?"

"बंद शेपूट बघितली की तिला वाटतं आपल्याला कोंडतायत. उघडी दिसली की म्हणते, कधीही जाता येईल, मग आत्ताच कशाला जा. म्हणून थांबते. लाजाळू आहे, वेडी नाही."

"झकास," चंद्रप्रकाश पुटपुटला. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर तो हसला असता. पण महादू हे सांगताना हसला नव्हता. थाप मारताना महादूच्या डोळ्यांत जो दिवा लागतो, तो या वेळी लागलाच नव्हता. नेमकं त्यामुळेच ते खरं वाटलं. "आणि अबोली रोज एवढा वेळ बोरिवलीला काय करते हो? लोक विचारतात."

"कॉम्प्युटर शिकते," महादू म्हणाला.

आत भांडी घासायचा आवाज येत होता, तो थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

मग गावाला जे वेड लागलं ते विचारू नका. मानखुर्द कुठल्या कुठे, पण जो तो म्हणे, तिकडे आली ती इकडे येईलच. ओट्याओट्यावर उघड्या शेपटीची जाळी विणली जायला लागली. राख्यांचे गोंडे, गणपतीच्या मखराची किनार, काही सुटलं नाही. सोनेरी दोरा संपला तेव्हा चंद्रप्रकाशने बायकोचा, रुक्मिणीचा, लग्नातला शालू बाहेर काढला आणि तिच्या नकळत त्याचा जरीकाठ उसवून घेतला. येताजाता लोक महादूला विचारायचे, "काका, आस केवढी ठेवू?" म्हणजे जाळ्याचं एकेक भोक केवढं. महादू सांगायचा आणि मान खाली घालायचा. लोकांना वाटायचं, म्हातारा नम्र झालाय.

दोन्ही बाह्या पुऱ्या झाल्या. अबोलीने घालून बघितल्या, "बऱ्या झाल्यात" म्हणाली आणि आतल्या खुंटीला टांगून ठेवल्या. भांडली असती तर बरं झालं असतं. महादूने दोनदा विषय काढायला तोंड उघडलं आणि दोनदा एक विडी त्यात ठेवून बंद केलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी चंद्रप्रकाश चार-पाच जणांना घेऊन ओट्यावर आला. निमेशही त्यांच्या मागे उभा होता. त्याला सगळं ठाऊक होतं आणि तो स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.

"काका, आमच्या जाळ्यांत काहीच येत नाहीये. वीण चुकतेय बहुतेक. तुमचं एक द्या. एका ओहोटीपुरतं खाडीत लावतो, सकाळी परत."

"नको," महादू म्हणाला.

"का?"

सगळे बघत होते. 'का'चं उत्तर दोन अक्षरांचं होतं. महादू उठला, आत गेला. खुंटीवर दोन्ही बाह्या शेजारी शेजारी लोंबत होत्या. अबोली क्लासला गेलेली. त्याने स्वतःच्या हाताने डावी बाही काढली आणि बाहेर नेऊन दिली. देताना तिची शेपूट त्याच्या बोटात अडकली, तीही त्याने सोडवून दिली.

सकाळी अबोली बॅग भरायला खुंटीपाशी गेली.

"दुसरी कुठेय?"

महादूने सांगितलं. कोळंबीपासून सगळं सांगितलं, जरी अर्धं तिने भांडी घासता घासता ऐकलेलंच होतं.

ती ओरडली नाही. उरलेली बाही घडी करून बॅगेत ठेवत म्हणाली, "मी क्लासमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं, माझी बाही माझ्या आज्याने विणलीये. मॅडमना, मुलींना, त्या लाइटवाल्याला पण. मला नाही कसली लाज वाटली."

आणि ती धक्क्याकडे चालायला लागली.

महादूच्या कानांत समुद्र भरला. मग त्याने कोनाड्यातून जाळं विणायची सुई घेतली, आस मापायची पट्टी घेतली, उरलेल्या सोनेरी दोऱ्याचा गुंडा खिशात कोंबला आणि पट्ट्यापट्ट्याच्या हाफ पँटवर, आहे तसा, तिच्या मागून निघाला.

बोरिवलीकडे जाणारी फेरीबोट सुटायच्या बेतात होती. सुंदराबाई आणि आणखी काही जणी भरल्या पाट्या पायांशी घेऊन बसलेल्या, टोकाला सहलीला आलेली दोन जोडपी. महादू अबोलीच्या शेजारी जाऊन टेकला. तेवढ्यात चिखलाच्या पायांनी चंद्रप्रकाशने उडी मारली. हातात बाही होती, किंवा कालपर्यंत बाही होती ती वस्तू. मधोमध फाटलेली, गाळाने काळी, एका भोकात वेफर्सचं पाकीट अडकलेलं.

"काका, हे बघा! आख्ख्या ओहोटीत एक खेकडा! तो पण साधा. जाळं फाडून वर मलाच चावला. कोळंबी कुठाय तुमची?"

बोट सुटली. महादूने ती बाही घेतली, मांडीवर ठेवली आणि अबोलीला म्हणाला, "हात दे, बाय."

"राहू दे."

"दे."

तिने तोंड पाण्याकडे वळवलं, पण हात ओढून घेतला नाही. महादूने तिच्या खांद्याभोवती दोऱ्याचा पहिला वेढा घातला, पट्टी लावली आणि गाठ मारली.

"कोळंबी नाहीये," तो गाठीकडे बघत म्हणाला. "ती बाही होती. अबोली नाचते. बेली डान्स."

"काय?" इंजिनच्या धडधडीत सुंदराबाईने कानाला हात लावला. "मोठ्याने बोल रे म्हाद्या!"

"नाचते!"

"कोण वाचते?"

मग महादूने छाती भरून श्वास घेतला आणि जन्मात कधी भर वादळात मारली नसेल अशी आरोळी ठोकली. "पोट हलवून नाचतात तो नाच! माझी नात करते! आणि मला लाज वाटली म्हणून मी तुम्हाला कोळंबी सांगितली!"

पलीकडचा धक्का आला होता आणि बोटवाल्याने 'माझी'च्या आधीच इंजिन बंद केलं होतं. बोट, धक्का, धक्क्यावरचे रिक्षावाले, सगळ्यांनी ते वाक्य चहाच्या घुटक्यासारखं निवांत ऐकलं. सहलीच्या जोडप्यातली मुलगी हसली आणि लगेच तिने ओठ आवळले.

"एवढंच?" सुंदराबाई म्हणाली. "होळीला माझं लुगडं नेसून नाचलास, तेव्हा तुझं पोट काय घरी ठेवलं होतंस?"

बायका खदखदल्या. महादूला हसता आलं नाही, कारण चंद्रप्रकाश हसत नव्हता. तो एकदम लहान मुलासारखा दिसायला लागला होता.

"काका, मी रुक्मिणीच्या शालूचा काठ उसवलाय. तिला अजून माहीत नाही. आता काय सांगू? महादूकाकाने थाप मारली म्हणू?"

"थाप नको म्हणूस," महादू म्हणाला. "थाप लोकांना हसवायला मारतात. मी लपायला बोललो. खोटं बोललो, म्हणून सांग. काठ मी विणून देतो." आणि नंतर, कुणाकडेच न बघता, "तिच्यासमोर मी येतो."

अबोली अजून पाण्याकडेच बघत होती. पण हात, जो इतका वेळ ओल्या दोरखंडासारखा जड होता, तो तिने जरासा वर उचलून धरला. माप देताना धरतात तसा.

रिक्षात विणणं चालूच राहिलं. प्रत्येक खड्ड्याला एक आस मोठी व्हायची, प्रत्येक सिग्नलला एक लहान. बोरिवलीचे सगळे रस्ते त्या बाहीत कायमचे विणले गेले. हॉलवर पोचले तेव्हा बाही कोपराखाली चार बोटं गेली होती.

मुलींना कपडे करायला आतली खोली होती. तिथे महादू कसा जाणार? म्हणून तो बाहेर बोळात स्टुलावर बसला, दार अर्धं लोटलेलं, आणि दाराच्या फटीतून अबोलीचा नुसता हात बाहेर. आत तिला पट्टा बांधत होते, डोळे रंगवत होते. बाहेर म्हातारा मान खाली घालून गाठी मारत होता. येणारे-जाणारे थबकायचे. भिंतीतून उगवलेल्या हाताला एक कोळी जाळं विणतोय, हे रोज कुठे बघायला मिळतं? महादूचे कान तापलेल्या तव्यासारखे झाले होते, पण सुई थांबली नाही.

आतून एका मुलीने विचारलं, "अबोली, बाहेर कोण आहे?"

महादूची सुई हवेत राहिली.

"माझा आजा," अबोली म्हणाली.

फक्त बोटांचा भाग राहिला होता. तेवढ्यात माधुरी मॅडमचा आवाज आला, "अबोली, चल, चल, गाणं लागलं!" दार धाडकन उघडलं आणि अबोली पळाली. दोरा तिच्या बाहीला आणि सुई महादूच्या हातात. कात्री कुणाकडे होती देव जाणे, आणि दातांनी तोडावा तर दात कुठे होते? महादू तिच्या मागून धावला, विंगेपर्यंत.

नाच सुरू झाला. महादू अंधारात उभा राहून दोरा सोडत होता, मोठी मासळी लागल्यावर सोडतात तसा, ढील देत, ताण सांभाळत. पण अबोलीने गिरकी घेतली, मग दुसरी घेतली. दोरा तिच्याभोवती गुंडाळला जायला लागला, सुई रिकामी झाली आणि ताण आला. सुई टाकून दिली असती तर महादूला कुणी पाहिलं नसतं. पण लोंबता दोरा तिच्या पायात आला असता.

महादूने सुई टाकली नाही. तो एक पाऊल पुढे आला. मग आणखी एक. आणि पट्ट्यापट्ट्याच्या हाफ पँटीतला तो म्हातारा सगळ्या हॉलसमोर झगझगीत उजेडात येऊन उभा राहिला.

पहिल्यांदा लोक हसले. तिसऱ्या रांगेत मासळी विकून आलेली सुंदराबाई रिकामी पाटी मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी चंद्रप्रकाश. महादूला वाटलं, जमीन फाटली नाही तर निदान पडदा तरी पडावा. काहीच पडलं नाही. अबोलीने त्याला पाहिलं, आणि ती उलट्या गिरक्या घेत दोऱ्यातून सुटत त्याच्यापासून लांब गेली, पुन्हा जवळ आली. लोकांना वाटलं, हे असंच बसवलंय. टाळ्या पडायला लागल्या. उजव्या हाताची बाही नेटकी, लपून विणलेली. डाव्या हाताची वेडीवाकडी, सगळ्यांदेखत विणलेली. महादूने शेवटपर्यंत बाह्यांकडेच पाहिलं. पोटाकडे बघायचं धैर्य त्याला त्या दिवशीही झालं नाही. आता खोटं कशाला सांगा.

गाणं संपलं. अबोली धापा टाकत त्याच्यापाशी आली, दोरा दातांत धरला आणि कट्कन तोडला.

"मान वर कर, आजा. लोक बघतायत."

"म्हणून तर खाली आहे."

"कॉम्प्युटर म्हणालास ते मी विसरणार नाहीये."

"नको विसरू," महादू म्हणाला.

रुक्मिणीने त्याला दारात अर्धा तास उभं ठेवलं आणि काय काय ऐकवलं, ते तिने ज्या आवाजात ऐकवलं त्यामुळे शेजारच्या मनोरी गावातही सगळ्यांना पाठ आहे. दुसऱ्या दिवसापासून महादू समोरच्या ओट्यावर बसून शालूचा काठ विणायला लागला. मागे वलांडीपाशी गेला नाही.

तिथेच एक दिवस मनोरीचा एक ओळखीचा नाखवा थांबला. "काय महादूशेठ, हे सोन्याचं काय विणताय?"

महादूने सुई खाली ठेवली. घसा साफ केला. "माझी नात बेली डान्स करते," तो मोठ्याने म्हणाला. "तिच्या ड्रेसला मी बाही विणली. ती बाही खाडीत गेली, मग दुसरी मी तिच्या हातावर विणली आणि दोरा तुटेना म्हणून तिच्याबरोबर स्टेजवर उभा राहिलो. त्या भानगडीत ह्या शालूचा काठ गेला."

नाखवा मांडी पिटून हसला. हसता हसता ओट्यावर बसला. "काय थाप आहे! देवमाशापेक्षा भारी!"

"अरे, खरं आहे!" महादू कळवळून म्हणाला. "शपथ! बाय, बाहेर ये जरा! ह्याला सांग तू काय करतेस ते!"

आत कमरेच्या पट्ट्यावरची नाणी छुमछुमली आणि थांबली.

"आजा, नंतर!" अबोलीचा आवाज आला. "मी कॉम्प्युटर शिकतेय!"